टियर-टूच्या आधी: वाक्यांचा क्रम, व्याकरण आणि माझे सुटलेले 'अ' अन् 'द'

मागच्या खेपेला सीजीएलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या परीक्षेच्या, टियर-टूमध्ये (दुसऱ्या टप्प्यात) उलटसुलट दिलेल्या इंग्रजी वाक्यांचा क्रम लावायचे माझे चार प्रश्न चुकले. तिथे इंग्रजीच्या एका प्रश्नाला 3 गुण आणि चुकला तर 1 वजा. म्हणजे मिळायचे ते 12 गेले आणि मिळालेल्यातले 4 कापले गेले. 16 गुणांचा फरक, आणि पोस्ट हुकली 11 गुणांनी. रिस्पॉन्स शीट, म्हणजे आपण दिलेल्या उत्तरांची प्रत, आल्यावर मी प्रिंट काढली, अभ्यासिकेत बसून लाल पेनाने ते चारही प्रश्न पुन्हा सोडवले. चारही ठिकाणी एकच चूक. मी 'अ' आणि 'द', म्हणजे इंग्रजीतले 'a' आणि 'the', वाचलेच नव्हते. वाक्यांचा अर्थ कळला होता, एक शब्द अडला नव्हता, तरी क्रम चुकला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

सामान फार लागत नाही. मागच्या वर्षांचे पेपर, व्याकरणाचं एक पुस्तक, घड्याळ, चुकांची वही. पुस्तक एकच. तीन पुस्तकं अर्धी करण्यापेक्षा एक दोनदा करा. वहीत बरोबर उत्तर उतरवून काही होत नाही, आपण चुकीचा पर्याय का निवडला ते एका ओळीत लिहा. माझ्या जुन्या वहीत नुसती उत्तरं होती, म्हणून एकच चूक महिनोन्महिने होत राहिली आणि मला पत्ता लागला नाही.

आता मुख्य गोष्ट. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्याचा डोळा त्यांच्यावर थांबत नाही. पण ही सवय आपल्याकडे आहे, गोष्टींत आहे. 'एक होता राजा' असं आपण पहिल्यांदा म्हणतो आणि मग 'तर तो राजा काय करायचा' म्हणून पुढे जातो. पहिल्यांदा 'एक राजा', नंतर 'तो राजा'. इंग्रजीतलं 'अ किंग' आणि 'द किंग' नेमकं हेच आहे. हे पाहा. पी: 'द व्हेट टुक ऑफ द क्लॉथ अँड केप्ट द बर्ड फॉर अ वीक.' क्यू: 'अ फार्मर फाउंड अ क्रेन लाइंग निअर हिज वेल.' आर: 'ही टाइड अ क्लॉथ अराउंड द वूंड अँड कॅरिड द बर्ड टू अ व्हेट.' एस: 'वन ऑफ इट्स विंग्ज हॅड अ डीप वूंड.' अर्थ बाजूला ठेवा, फक्त 'अ' आणि 'द' बघत जा. जखम पहिल्यांदा कुठे येते? 'अ डीप वूंड', एसमध्ये. आरमध्ये ती 'द वूंड' झाली, म्हणजे एस आधी, आर नंतर. आरमध्ये 'अ क्लॉथ' आणि 'अ व्हेट' आहेत, पीमध्ये 'द क्लॉथ' आणि 'द व्हेट', म्हणजे आर आधी, पी नंतर. करकोचा पहिल्यांदा भेटतो क्यूमध्ये. झालं, क्यू-एस-आर-पी. नुसत्या अर्थावर गेलं तर 'आधी डॉक्टरकडे नेला, मग पंखाची जखम दिसली' असंही पटतं आणि क्यू-आर-एस-पी हा पर्याय समोरच असतो. मी असेच पर्याय निवडले होते.

म्हणून सरावाच्या पहिल्या दोन आठवड्यांत दुसरं काही करू नका. प्रत्येक प्रश्नात आधी सगळ्या 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' भोवती गोल करा, मग वाचा. कंटाळा येईल, वेळ जास्त लागेल, लागू द्या. इंग्रजी वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर चार-पाच वाक्यांच्या छोट्या बातम्या असतात, त्यांतली एक कापा, प्रत्येक वाक्याची वेगळी पट्टी करा, पट्ट्या डब्यात टाकून हलवा आणि दुसऱ्या दिवशी लावा. काल वाचलेला मजकूर आज लावताना जिथे अडाल, तिथे बहुतेक एखादा 'द' सुटलेला असेल. अग्रलेख नको, त्यांत मतं असतात आणि वाक्यं पुढेमागे केली तरी चालून जातात.

एक सावधगिरी. 'द'ने सुरू होणारं वाक्य पहिलं असूच शकत नाही, असं पाठ करू नका. 'द सन', 'द मॉन्सून', 'द सुप्रीम कोर्ट' या सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी, त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. अनेकवचनात 'टायगर्स', 'फार्मर्स' असं पहिल्यांदा येताना मागे काहीच नसतं. आणि 'अ' पहिल्या वाक्यातच येईल असंही नाही, वरच्या उदाहरणात तो चारही वाक्यांत आहे.

सर्वनामं आणि नावं यांचं गणित तेच आहे. पूर्ण नाव आधी, 'ही' किंवा 'शी' नंतर. लांबलचक नाव आधी, इस्रोसारखं लघुरूप नंतर. 'धिस डिसिजन' आला की निर्णय कुठला, ते मागच्या वाक्यात असलंच पाहिजे. 'हाउएव्हर', 'मोरओव्हर', 'देअरफोर' सगळेच शिकवतात, त्यावर मी वेळ घालवत नाही.

एका वाक्याचे तुकडे लावायचे प्रश्न सीडीएसमध्येही, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेतही, येतात. तिथे आपली मराठी आडवी येते. 'स्टेशनबाहेर पुस्तकं विकणारा म्हातारा गावी परत गेला' यात आपण म्हाताऱ्याची सगळी माहिती त्याच्या आधी सांगतो. इंग्रजीत म्हातारा आधी, माहिती मागून: 'द ओल्ड मॅन हू सोल्ड बुक्स आउटसाइड द स्टेशन हॅज गॉन बॅक टू हिज व्हिलेज.' 'हू' किंवा 'विच'ने सुरू होणारा तुकडा दिसला की तो कोणत्या नामाला चिकटतो ते आधी ठरवा, आणि मुख्य क्रियापद वेगळं काढून ठेवा. मराठीत ते शेवटी असतं म्हणून मन ते शेवटी ढकलायला बघतं.

व्याकरणात कर्ता-क्रियापद, काळ, 'नो सूनर'बरोबर 'दॅन', 'हार्डली'बरोबर 'व्हेन', हे पुस्तकात आहेच. मराठीतून येणाऱ्या चुकांची मात्र वेगळी यादी करा, ती कुठलंही पुस्तक तुमच्यासाठी करून देत नाही. आपण 'विषयाबद्दल चर्चा' करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहितो, तिथे 'अबाउट' नको. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ', बरोबर 'मॅरीड टू'. 'स्टेशनला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टू', तिथे 'टू' नको. 'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर', 'अ‍ॅडव्हाइस' यांचं अनेकवचन करू नका. आणि 'अ' की 'अ‍ॅन' हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरतं: 'अ युनिव्हर्सिटी', 'अ‍ॅन अवर', 'अ‍ॅन एमएलए'. पुन्हा 'अ' आलाच बघा. चुका शोधायच्या प्रश्नांतही तो सुटला की गुण गेले.

महिनाभराने कागद बंद करा. सीजीएल संगणकावर असते, पडद्यावर गोल करता येत नाहीत. ज्यांचा हात पेन्सिलीला सरावलेला असतो ते तिथे अडखळतात. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, पडद्यावरच द्या आणि कच्च्या कागदावर पी, क्यू, आर, एस लिहून प्रत्येकापुढे त्या वाक्यातली नामं 'अ'सह किंवा 'द'सह टिपा. 'अ क्रेन', 'द वूंड', एवढंच. सुरुवातीला मिनिटभर जाईल, सरावाने वीस सेकंदांवर येतं.

वेळेचं लक्षात घ्या. टियर-टूमध्ये इंग्रजीचे 45 आणि सामान्य ज्ञानाचे 25 प्रश्न मिळून एक तास असतो. मी सामान्य ज्ञान आधी उरकते, पंधरा मिनिटांत. क्रमाचे प्रश्न उताऱ्यांच्या आधी घ्या, डोकं ताजं असताना. पर्याय बघून त्यांतून मागे जाऊ नका. आधी एक पक्की जोडी शोधा, मग पर्याय बघा. दोन पर्याय उरले आणि ठरत नसेल तर दोन्ही क्रम 'अ' आणि 'द'सकट मनात वाचा. तरी ठरलं नाही तर सोडा.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही नाही. चुकांची वही, रोज दहा क्रम, एक मॉक. आदल्या दिवशी प्रवेशपत्र, ओळखपत्र, फोटो आणि वेळेवर झोप. हॉलमध्ये कच्चा कागद हातात आला की वरच्या कोपऱ्यात 'अ' आणि 'द' लिहून ठेवा. मी यावेळी लिहिणार आहे.