बोल्ट धरलाय? पान्याला पाइप लावू नका

मी ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो. इथलं खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे बॉनेटखाली लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलाय तिथे तो धरतोच, म्हणजे गंजून घट्ट अडकतो. गेल्या रविवारी थर्मोस्टॅटच्या (इंजिनचं तापमान राखणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पाझरत होतं म्हणून सांध्यातलं गॅस्केट बदलायला घेतलं. वरचा बोल्ट सरळ आला, खालचा हलेना. डोक्याभोवती पांढरी भुकटी जमलेली. तो ॲल्युमिनियमचा गंज. तो दिसला की घाई सोडायची.

शेजारचा मुलगा मदतीला होता. "काका, पान्याला पाइप लावू?" मी त्याचा हातच धरला. दहा नंबरचा पाना लागतो तो बोल्ट जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा. पाइपने दांडा लांबला की जोर वाढतो, बोल्टचं डोकं तुटून हातात येतं, बाकीचा तुकडा इंजिनच्या हेडमध्ये. मग ड्रिल, तुटका तुकडा काढायचा एक्स्ट्रॅक्टर, नाहीतर थेट लेथवाला टर्नर.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट काढा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. कूलंट टबात घ्या आणि लगेच झाका. ते चवीला गोड पण विषारी असतं, आणि पार्किंगमधली कुत्री ते चाटतात.

तारेच्या ब्रशने भुकटी काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि जेवून या. मी तासाभराने पुन्हा मारला. मग बोल्टच्या डोक्यावर गोटी (पान्याचं सॉकेट) सरळ ठेवून हातोडीने हलक्या आठ-दहा टिचक्या. त्या हादऱ्याने तेल आट्यांत उतरतं. गोटी सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची बोल्टचे कोपरे खाते.

तरी हलला नाही तर ऊब द्या. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून बोल्ट नाही, भोवतालचं हाउसिंग तापवा. आधी स्प्रे नीट पुसा, तो पेट घेतो. इमारतीखाली ज्योत नकोच. मी हॉट एअर गन वापरली, रबरी होजवर ओलं फडकं टाकून.

आता हाताकडे लक्ष द्या. आधी बोल्ट केसभर आवळा, मग सोडवा. पाना रबरासारखा ताणला जाऊन मागे येत असेल तर बोल्ट पिळतोय, तिथेच थांबा, पुन्हा तेल, पुन्हा ऊब. सुटणारा बोल्ट 'कट्' असा आवाज देतो आणि तो मनगटात जाणवतो. माझा तिसऱ्या खेपेला बोलला. पण लगेच बाहेर ओढू नका. पाव फेरा सोडवा, त्याच्या निम्मा परत आवळा, स्प्रे मारा, असं करत करत काढा. मध्येच करकरला तर गंजाचा चुरा आट्यांत अडकलाय. बोल्ट थोडा परत आवळा.

बाहेर आला तेव्हा आट्या पिठात लोळवल्यासारख्या पांढऱ्या होत्या. तो पुन्हा लावला नाही. रबाळ्याला हार्डवेअरच्या दुकानात जुना दाखवून त्याच लांबीचा नवा आणला, भोक टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ केलं, आट्यांना अँटी-सीझचा, म्हणजे बोल्ट धरू न देणाऱ्या पेस्टचा, पातळ हात दिला. पेस्ट लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून छोटाच पाना घेऊन बेताने आवळला. कूलंट भरून इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. हाउसिंगखाली धरलेला कागद कोरडा.