घरच्या घरी भूतपट: भुताआधी अंधार ठरवा

विद्यार्थ्यांच्या भूतपटांत भूत सहसा बरं असतं, अंधार भिकार असतो. मुखवटा कुठला, केस किती मोकळे, यावर आठवडाभर खल चालतो आणि खोलीत उजेड कुठून येणार हे शूटिंग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी ठरतं. तुमच्याकडे मोबाइल, ट्रायपॉड आणि दोन सोशिक मित्र आहेत असं धरून चालतो.

गोष्ट. एक घर, दोन पात्रं, पाच पानं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. भूत का झालं हे सांगणारा फ्लॅशबॅक पहिल्यांदा कापा.

घर. लिहायच्या आधी रात्री दिवे घालवून घरभर फिरा. जिच्याकडे पाठ फिरवावीशी वाटत नाही अशी जागा सापडली की गोष्ट तिथून सुरू करा. माझ्या दुसऱ्या फिल्मला कथा दिली ती बाथरूमच्या दारानं. बिजागरी तिरकी होती, त्यामुळे दार लावलं तरी थोड्या वेळानं चार बोटं उघडायचं. खर्च शून्य.

अंधार. आता मुद्द्याचं. पहिल्या फिल्मच्या वेळी मी सगळे दिवे बंद केले आणि फोननं शूट केलं. स्क्रीनवर झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर पाहिलं तर काळ्या भागात करड्या ठिपक्यांच्या मुंग्या वळवळत होत्या. तीन रात्रींचं काम गेलं. ‘नंतर एडिटमध्ये उजळू’ असं सांगणाऱ्याला सेटवरून घालवून द्या. उजळलं की मुंग्याही उजळतात.

कारण साधं आहे. उजेड कमी पडला की फोन आपणहून आयएसओ वाढवतो, म्हणजे सेन्सरचा क्षीण सिग्नल फुगवतो आणि त्याबरोबर कचराही फुगतो. कॅमेऱ्याला अंधार हवा असेल तर त्याला उजेड द्यावा लागतो, फक्त तो एकाच ठिकाणी. चेहऱ्याच्या एका बाजूला भरपूर, बाकी फ्रेममध्ये जवळजवळ काही नाही.

ते जमवायची युक्ती म्हणजे अंतर. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गानं घटतो. दिवा चेहऱ्यापासून एक फुटावर आणि मागची भिंत दिव्यापासून आठ फुटांवर असेल, तर भिंतीवर थेट पडणारा उजेड चेहऱ्याच्या 1/64 उरतो. भिंत आपोआप बुडते. म्हणून नटाला भिंतीला टेकवून उभं करू नका आणि दिवा लांब नेऊ नका, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आत आणा. साधा टेबललॅम्प चालतो. तरीही खोली उजळलेली वाटली तर दोष पांढऱ्या भिंतींचा, त्या उजेड परत फेकतात. नटाच्या अंधाऱ्या बाजूला, फ्रेमबाहेर, काळी चादर टांगा. ही चादर मी आता दिव्याआधी बॅगेत भरतो.

दिवा समोरून नको. कॅमेऱ्याच्या बाजूनं येणारा उजेड म्हणजे ओळखपत्राचा फोटो. बाजूनं किंवा किंचित मागून द्या. मेणबत्ती हवी तर फ्रेममध्ये दिसू द्या, पडद्यांपासून लांब ठेवा, पण चेहरा तिच्यावर सोडू नका. तो फ्रेमबाहेरच्या पिवळसर दिव्यानं उजळा.

फोनमध्ये एक्स्पोजर (चित्र किती उजळ), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. नाहीतर नट दारातून आत आला की अख्खी खोली श्वास घेतल्यासारखी उजळते आणि विझते. मॅन्युअल सेटिंग मिळत असेल तर वीज 50 हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, 60 हर्ट्झची असेल तिथे 30 आणि 1/60. घरातल्या दिव्यांची फडफड यानं बरीच आटोक्यात येते.

आणि रात्रीचा सीन रात्रीच घ्यायचा हा हट्ट सोडा. खिडक्या काळ्या कापडानं, कडा टेपनं बंद केल्या की दुपारी तीनलाही मध्यरात्र होते. पहाटे दोनला पेंगणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर भीती नसते, फक्त झोप असते. मात्र चाचणीचा शॉट अंधाऱ्या खोलीत फोनवर पाहून खूश होऊ नका. तो लॅपटॉपवर, उजेडात बसून बघा. तिथे नटाचे डोळे दिसले नाहीत तर दिवा आणखी जवळ.

भूत. कमी दाखवा. पारदर्शक भूत हवंच असेल तर ट्रायपॉड न हलवता एकदा रिकामी खोली आणि एकदा भुतासकट शूट करा, मग एडिटमध्ये एकावर एक थर ठेवून वरचा फिकट करा. फोनला बोट लागलं की शॉट गेला, त्यामुळे रेकॉर्डिंग टायमरनं किंवा रिमोटनं सुरू करा. एडिटिंग नकोच असेल तर काच वापरा. 1862 मध्ये लंडनला जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरक्या काचेतल्या प्रतिबिंबातून भूत उभं केलं होतं. काच कॅमेऱ्यासमोर 45 अंशांत ठेवा, भूत बाजूला फ्रेमबाहेर उभं करा आणि त्याच्या अंगावरचा दिवा हळूहळू वाढवा.

आवाज. पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिजमध्ये घराची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना तो पुन्हा सुरू करायचं राहत नाही. प्रत्येक खोलीची तीस सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून घ्या. दुपारी शूट केलं असेल तर पावलं आणि दाराची करकर रात्री वेगळी टिपा.

शॉटची यादी. गोष्टीच्या क्रमानं लावू नका, दिव्याच्या जागेनुसार लावा. एक दिवा एकदा बसवला की त्यातले सगळे शॉट उरकायचे. अपवाद किंकाळीचा. ती सगळ्यात शेवटी घ्या, कारण चार टेकनंतर संवाद म्हणायला घसा उरत नाही. शेजाऱ्यांना तिची वेळ आधी सांगून ठेवा.