अपडेटनंतर आलेखाची खिडकी उघडताच प्रोग्राम कोसळतो तेव्हा

मालवण-रत्नागिरीच्या भरती-ओहोटीचा आलेख काढणारी पायथन स्क्रिप्ट कालपर्यंत नीट चालत होती, आणि पॅकेजेस अपडेट केल्यावर आज मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी लोड होताना किंवा खिडकी उघडतानाच मरते. सगळं काढून पुन्हा टाकायच्या फंदात पडू नका. तीच जुळणी परत येते आणि डेटापॅक संपतो तो वेगळाच.

टर्मिनलवरचा मजकूर वरपासून वाचा. नमपाय (मॅटप्लॉटलिब ज्यावर उभं आहे ती आकडेमोडीची लायब्ररी) 1.x वर कंपाइल केलेलं मॉड्यूल 2.x वर चालणार नाही, अशा अर्थाचं वाक्य दिसलं की दुखणं कळलं. जून 2024 मध्ये आलेल्या नमपाय 2.0 ने एबीआय (कंपाइल केलेल्या कोडांमधला करार) बदलला, म्हणजे मेमरीतली मांडणीच हलली. जुना कंपाइल केलेला कोड मात्र जुन्याच जागी हात घालतो. पॅकेजेसचं आपसात जुळतं का ते तपासणारं 'पिप चेक' इथे गप्प बसू शकतं. जुन्या पॅकेजने नमपायची वरची मर्यादा लिहिलीच नसेल, तर त्याच्या लेखी सारं आलबेल.

मॅटप्लॉटलिब 3.9 किंवा त्यापुढचं टाका. दुसरं एखादं जुनं पॅकेज अडून बसलं असेल तर पिप इन्स्टॉल "नमपाय<2". अवतरणचिन्हं गाळलीत तर शेल '2' नावाची फाइल शोधत बसतं.

नुसतं 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याने प्रोग्राम बंद पडणं) आलं तर पायथनला 'एक्स फॉल्टहँडलर' हा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवा. कोसळताना कोणती ओळ चालू होती ते छापलं जातं. मग बॅकएंड, म्हणजे आलेख रंगवणारा भाग, 'एग' (Agg) ठेवून आलेख खिडकीत न उघडता पीएनजीत साठवा. भरतीची रेघ नीट उमटली तर गणित शाबूत आहे, बिघाड खिडकीच्या बाजूला आहे.

लिनक्सवर तिथला नेहमीचा गुन्हेगार क्यूटी, म्हणजे खिडक्या काढणारी लायब्ररी. 'एक्ससीबी प्लगइन लोड झालं नाही' असं आलं आणि ओपनसीव्ही ही चित्रं हाताळणारी लायब्ररीही वापरात असेल, तर त्याने सोबत आणलेलं क्यूटी पायक्यूटीच्या (पायथनसाठीच्या क्यूटी पॅकेजच्या) क्यूटीशी भांडतंय. साधं ओपनसीव्ही आधी काढा, मगच त्याची हेडलेस, म्हणजे खिडक्यांविना चालणारी, आवृत्ती टाका. दोन्ही एकाच फोल्डरात बसतात. हेडलेसमध्ये ओपनसीव्हीची खिडकीत चित्र दाखवणारी 'आयएमशो' आज्ञा चालत नाही, एवढं धरून चला.

चालू झाल्याबरोबर 'पिप फ्रीझ'ने निघणारी पॅकेजेस आणि आवृत्त्यांची यादी साठवा आणि 'पिप डाउनलोड'ने त्याच आवृत्त्यांच्या व्हील फाइली (इन्स्टॉलसाठी तयार पॅकेजं) पेनड्राइव्हवर घ्या. पावसाळ्यात रेंज गेली की 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' देऊन तिथूनच इन्स्टॉल होतं.