बिलिंगला जाताय? आधी प्रीअँबल वाचा

सिव्हिल झालं की मुंबईत पोरांना दोनच वाटा दिसतात, साइट नाहीतर डिझाइन. डिझाइनच करायचं असेल तर गेट देऊन व्हीजेटीआयला किंवा पवईच्या आयआयटीला स्ट्रक्चर्समध्ये एम.टेक. करा. दोन महिन्यांच्या क्लासमध्ये ईटॅब्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून डिझायनर होता येत नाही, कोणी कितीही जाहिरात करो. तिसरी वाट बिलिंगची, म्हणजे झालेलं काम मोजून त्याचं बिल बनवायची. तिला कारकुनी म्हणून नाक मुरडतात, पण कंत्राट कसं चालतं हे इथे जितक्या लवकर कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही.

धोका पहिल्याच महिन्यात असतो. सीनियर मागच्या प्रोजेक्टची एक्सेल देतो आणि सांगतो, 'फक्त आकडे बदल.' बदलू नका. त्या शीटमधली वजावट त्या टेंडरच्या नियमाने केलेली असते, तुमच्या नव्हे.

प्लास्टरचंच घ्या. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राचा बांधकाम विभाग) नियमाने 0.5 चौ.मी.पर्यंतच्या ओपनिंगची, म्हणजे दार-खिडकीच्या मोकळ्या जागेची, वजावट नाही. 0.5 ते 3 चौ.मी.मध्ये दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट, जांब (ओपनिंगच्या उभ्या कडा) वेगळे मोजायचे नाहीत. 3 च्या वर दोन्ही बाजू वजा, पण जांब, सॉफिट (वरची कड), सिल (खालची कड) मोजून मिळतात. म्हणजे 1.5 × 1.2 ची खिडकी 1.8 चौ.मी., एकदाच वजा. हॉलचा 2.4 × 2.1 चा स्लायडिंग दरवाजा 5.04, दोन्हीकडून वजा.

आता खरी मेख. आपल्याकडे टॉवरमध्ये बाहेरून सिमेंट प्लास्टर आणि आतून जिप्सम असतं. प्लास्टर वेगळं, दरही वेगळा. मग ज्या बाजूला रिव्हील (फ्रेमपासून भिंतीच्या कडेपर्यंतची रुंदी) कमी, त्या बाजूची वजावट. रिव्हील सारखे असतील तर दोन्हीकडून अर्धी अर्धी, 0.9 आणि 0.9. हे न बघता दोन्हीकडून 1.8 कापलं, तर 20 मजले, मजल्याला 4 फ्लॅट, फ्लॅटला 5 खिडक्या, अशा 400 खिडक्यांवर 720 चौ.मी. कॉन्ट्रॅक्टरच्या हातून जातं. अजिबात कापलं नाही, तर क्लायंटचा क्यूएस (बिलं तपासणारा क्वांटिटी सर्व्हेअर) पकडतो आणि पुढची प्रत्येक शीट संशयाने बघतो.

यावरही बीओक्यूचा (टेंडरमधली कामांची आणि दरांची यादी) प्रीअँबल, म्हणजे त्या यादीच्या सुरुवातीच्या अटी, वरचढ असतो. कित्येक खासगी टेंडरमध्ये सरसकट पूर्ण वजावट लिहिलेली असते. स्टीलचे लॅप (दोन बार जोडताना एकावर एक येणारी लांबी) आणि चेअर (वरची जाळी उचलून धरणारे तुकडे) मोजायचे की दरातच धरलेत, हेही तिथेच असतं. 12 मीटरचा बार, त्यामुळे लॅप टळत नाही. वाचलं नाही तर टनांचा घोळ होतो.

झाकलं जाणारं काम झाकण्याआधी जॉइंट मेजरमेंट करून सही घ्या: पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), स्लॅबचं स्टील, टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग. खोदाईच्या लेव्हल्स जूनच्या आधीच. पाऊस पडून खड्ड्यात गाळ भरला की तळाची लेव्हल कोणी मान्य करत नाही.

हे सगळं पाठ नसतं म्हणून घाबरू नका, कोणाचंच नसतं. जुन्या फोरमनला विचारा, तो एसीतल्या मॅनेजरपेक्षा जास्त सांगेल. पहिली बिलं लाल शेऱ्यांनी भरून परत येतात, हे अगदी नेहमीचं आहे. प्रत्येक शेऱ्यापुढे कोणत्या क्लॉजवरून कापलं ते विचारून तो नंबर शीटवर लिहून ठेवा, पुढच्या बिलाला तिथूनच सुरुवात करा.