लग्नात म्हटलेलं पंचशील घरात कसं वापरायचं?

नागपुरातल्या बौद्ध लग्नात मंगल परिणयाचा विधी फार वेळ चालत नाही. पांढरे कपडे, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या, त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाणं), पंचशील (हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा टाळण्याचे पाच नियम), आणि लगेच जेवणं. परीक्षा पुढे मे महिन्यात होते. पारा ४५च्या आसपास असतो आणि कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून दोघांची जुंपते. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि दारू यांना स्पष्ट नकार आहे. म्हणजे धम्म विहारापुरता नाही, घरातही पाळायचा आहे.

१. तोंड उघडण्याआधी पाच प्रश्न

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यावी. बुद्धांनी चांगल्या बोलण्याच्या पाच खुणा सांगितल्या आहेत: योग्य वेळी, खरं, मृदू, हिताचं आणि मैत्रीभावनेनं बोललेलं. आपली अडचण बहुधा पहिल्याच खुणेपाशी होते. ‘तू काल टाकी भरली नाहीस’ हे शंभर टक्के खरं असतं, पण समोरचा माणूस दुपारी बुटीबोरीहून गाडी चालवत घामाघूम होऊन दारात उभा असतो. त्याला आधी पाणी द्या, बसू द्या. तेच वाक्य रात्री जेवणानंतर, ‘उद्यापासून एक दिवस तू, एक दिवस मी’ असं म्हणून सांगा. आणि ‘तू नेहमीच असं करतोस’ मधला ‘नेहमीच’ काढून टाका, कारण तो दुसऱ्या खुणेवरच नापास होतो.

२. यादी करा, पण स्वतःची

सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला बुद्धांनी त्या दिशांचा अर्थ समजावला. त्यात पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. नवऱ्याची पाच कर्तव्यं अशी: तिचा मान राखणं, तिला हिणवू नये, एकनिष्ठ राहणं, घराचा अधिकार तिच्या हाती देणं, दागिने देणं. बायकोचीही पाच: कामं नीट लावणं, माणसांचा पाहुणचार, एकनिष्ठा, मिळकत सांभाळणं, कामात आळस नको.

काळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा, त्यामुळे कामांची वाटणी तशीच्या तशी घेऊ नका. आज दोघंही कमावतात, तर दोघांनी दहाही वाचावीत. अधिकार देणं म्हणजे घराचा हप्ता, उसनवारी, खात्यातली शिल्लक दोघांनाही माहीत असणं. गंमत अशी की यादी हातात आली की जो तो जोडीदाराची पाच आधी तपासतो. कागदावर फक्त आपलीच लिहा.

३. दुखण्याबद्दल आधीच बोला

नकुलपिता आणि नकुलमाता हे बुद्धांचे अनुयायी असलेलं जोडपं. नकुलपिता आजारी पडला तेव्हा नकुलमाता त्याला म्हणाली, मनात काळजी ठेवून मरू नका. मला सूत कातता येतं, लोकर पिंजता येते, मी मुलांना वाढवीन. तो बरा झाला आणि काठी टेकत बुद्धांना भेटायला गेला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्या प्रेमात हिशेबही आहे. तुम्हीही एका संध्याकाळी फुटाळा तलावावर बसून बोला: विमा कुठे आहे, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय, आईबाबांचं कोण बघेल.

४. उपेक्खा म्हणजे उपेक्षा नव्हे

बुद्धांनी मनाचे चार भाव जोपासायला सांगितले: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्खा. पहिले तीन लगेच कळतात. मुदिता म्हणजे बायकोला बढती मिळाली की मनापासून पेढे वाटणं. चौथ्या शब्दापाशी मराठी माणूस घसरतो. पालीतली उपेक्खा म्हणजे मनाचा तोल. अबोला धरून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपणं, ही मराठीतली उपेक्षा झाली.

आणि तोल ठेवायचा म्हणजे मार खायचा, असंही नाही. घरात दारू पिऊन हात उचलला जात असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि महिला हेल्पलाइन १८१ला फोन करा.

५. पौर्णिमा धरा

रोज जमणार नाही, जमवायला जाऊही नका. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की परतताना चहाच्या टपरीवर थांबा आणि आपापला कागद काढा. एका वेळी एकच विषय घ्या. कूलरचा निघाला असेल तर सासूबाईंचा पुढच्या पौर्णिमेला.