ऋतू बदलला की पुस्तकांची टोपलीही बदला

दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘ऋतू’ म्हणजे काय ते कळत नाही. काल ओली असलेली पायरी आज कोरडी आहे, हे मात्र त्याला पक्कं कळतं. ऋतूंवरची पुस्तकं आणि त्यांच्या जोडीचे उद्योग निवडताना धागा इथूनच पकडायचा. आधी बाहेरची एखादी गोष्ट दाखवायची, मग ती ज्या पुस्तकात आहे ते वाचायचं आणि मग तीच गोष्ट हाताने करून बघायची. बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी पुस्तक वाचलं जातं आणि त्यातलं देखणं चित्र बघून ‘चला, आपणही असंच करू’ असं ठरतं. ते चित्रासारखं होत नाही, मूल हिरमुसतं आणि आईचा सगळा वेळ पसारा आवरण्यात जातो.

टोपली भरताना

एका वेळी पाच ते सात पुस्तकं पुरतात. वीस ठेवली तर मूल चाळतं, वाचत नाही. टोपली पुस्तकांपेक्षा बुटकी हवी आणि मुखपृष्ठं समोरून दिसायला हवीत, कारण अक्षर न येणाऱ्या मुलाला पुस्तकाचा कणा म्हणजे नुसती पट्टी. सात पुस्तकांचा मेळ साधारण असा बसतो: दोन गोष्टींची, दोन खऱ्या छायाचित्रांची, एक कवितांचं, एक बिनशब्दांचं आणि एक ऋतूशी काडीचाही संबंध नसलेलं, पण सध्या मुलाच्या गळ्यातला ताईत असलेलं. हे सातवं काढून घेतलं तर रुसवा अख्ख्या टोपलीवर निघतो.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी जाड पुठ्ठ्याची पानं आणि पानाला एक-दोन वाक्यं असावीत. चित्रपुस्तकं पुष्कळदा ३२ पानांची असतात. एवढं एका बैठकीत झेपत नसेल, तर दोन दिवसांत वाचा. अर्ध्यात थांबण्याने काही बिघडत नाही. घेण्याआधी चित्रं नीट बघा. एकाच झाडावर कोवळी पालवी आणि पिवळी गळती पानं, किंवा सूर्य डावीकडे आणि सावलीही डावीकडेच, अशी चित्रं सापडतात. चार वर्षांच्या मुलासोबत असली चूक शोधणं मजेचं असतं, दोन वर्षांच्या मुलाला ती चुकीचंच शिकवते.

टोपली बदलायची तारीख कॅलेंडरवर शोधू नका. काही प्रदेशांत चार ऋतू मानतात, काही ठिकाणी तीन, काही ठिकाणी सहा. बाहेरचं काही ठळकपणे बदललं की दोन-तीन पुस्तकं बदला. सगळी एकदम नको. मुलाने कधी बर्फ पाहिलाच नसेल, तर बर्फाचं पुस्तक वर्ज्य नाही, पण ते छायाचित्रांचं घ्या.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा

मूल तेच पुस्तक अकराव्यांदा आणतं तेव्हा कंटाळा मोठ्यांना येतो, त्याला नाही. नवे शब्द अशा आवर्तनांतूनच रुजतात. दर वेळी वाचण्याची तऱ्हा मात्र थोडी बदला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये घरच्या घरी महिनाभराचा एक प्रयोग मांडला. त्यात पालकांना वाचता वाचता मुलालाच बोलतं करायला शिकवलं होतं. त्या मुलांच्या बोलण्यात नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा जास्त प्रगती दिसली. या संवादी वाचनाच्या चार पायऱ्या अशा: विचारा, दाद द्या, वाढवा, पुन्हा म्हणवून घ्या. ‘हे काय?’ ‘ढग.’ ‘बरोबर, काळा ढग. आता तू सांग, कसा ढग?’ एका पानावर एवढं पुरे. प्रत्येक पानावर प्रश्न विचारले की गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि मूल पुस्तक मिटतं.

पाऊस: मोजायची बाटली

पावसाच्या पुस्तकाला जोड म्हणून कागदी होडी सगळ्यांना सुचते. ती पाच मिनिटांत भिजून संपते. पर्जन्यमापक मात्र अख्खा पावसाळा पुरतो.

एक लिटरची पारदर्शक, सरळ बाजूंची बाटली घ्या. मध्ये कंबर असलेली नको, तिच्यात मोजमाप खोटं येतं. गळा निमुळता व्हायला लागतो तिथे मोठ्या माणसाने बाटली कापायची आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावायची. वरचा तुकडा झाकण काढून उलटा बसवला की नरसाळं तयार होतं. त्याने बाष्पीभवन कमी होतं आणि पालापाचोळाही फारसा पडत नाही. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळाशी खडे टाका (वाऱ्याने बाटली पडतही नाही) आणि सगळा खडबडीत भाग बुडेल इतकं पाणी घाला. त्या पाण्याच्या रेषेला शून्य धरून मिलिमीटरची कागदी पट्टी उभी चिकटवा, वरून पारदर्शक टेप.

जागा उघडी हवी. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली ठेवा, नाहीतर आडोशामुळे पाऊस कमी भरतो किंवा फांद्यांवरचं पाणी ठिबकून जास्त. रोज ठरलेल्या वेळी मोजा आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणा. कोरडे दिवस गेले तर रेषेखाली गेलेलं पाणी भरायला विसरू नका. आकडे चुकतात ते बहुधा इथेच.

तीन वर्षांच्या मुलाला मिलिमीटर सांगण्यात अर्थ नाही. पाण्याच्या उंचीएवढी रंगीत कागदाची पट्टी कापून रोज एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवा. आठवड्याभरात ‘मंगळवारी खूप, बुधवारी काहीच नाही’ असं मूल आपणहून बोलतं. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पुढची पायरी: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. जमिनीवर खडूने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा आणि शेजारी लिटरची भरलेली बाटली ठेवा. एवढं पाणी त्या चौकोनावर सारखं पसरलं तर किती पातळ थर होईल, ते मुलाला बोटांनी दाखवायला सांगा.

ऊन: सावलीचा दोरा

एकाच दिवसात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मुलाची सावली खडूने आखायची. पहिल्यांदा पावलंही आखून ठेवा. पुढच्या वेळी मूल त्याच पावलांत उभं राहिलं नाही तर सगळा खेळ फसतो.

ऋतू दिसायला हवा तर खेळ लांब चालवावा लागतो. ३० सेंटिमीटरची काठी मातीच्या कुंडीत सरळ रोवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या वेळी तिच्या सावलीएवढा दोरा कापून भिंतीवर टांगा. घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांत त्या एका तासाचा हिशेब ठेवा. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्याने दुपारचा सूर्य वर्षभर वर-खाली सरकतो आणि दोऱ्यांची लांबी बदलत जाते. मुलाला आस समजावत बसू नका, दोरे हाताळू द्या. त्या दिवशी ढग असतील तर दोन-तीन दिवस पुढेमागे चालतं, दोन-तीन आठवडे नाही.

पानगळ

पानं कोरड्या दिवशी वेचा. दवाने किंवा पावसाने भिजलेली पानं दाबली की काळी पडतात, बुरशीही धरते. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकमेकांना न चिकटतील अशी मांडा आणि वर जड ओझं ठेवा. पहिले दोन दिवस कागद रोज बदला, कारण बहुतेक ओल तेव्हाच निघते. पातळ पान आठवड्याभरात वाळतं, जाड पानाला दोन आठवडे लागतात. मांसल पानं या पद्धतीने वाळत नाहीत. त्यांचे रंगाने ठसे घ्या. आणि दाबायला गोष्टीचं पुस्तक कधीच वापरू नये, डाग जात नाही.

थंडी: बर्फाचा गोळा

बर्फाचे छोटे खडे नकोत, ते घशात अडकू शकतात. वाडगाभर पाण्यात पानं आणि फुलं घालून रात्रभर गोठवा. फुलं वर तरंगतात, म्हणून आधी अर्धा वाडगा गोठवा, त्यावर फुलं ठेवा आणि मग उरलेलं पाणी घाला. मुलाला कोमट पाणी आणि ड्रॉपर द्या. मीठ द्यायचं असेल तर चमच्याने टाकायला सांगा आणि मीठ लावलेला बर्फ हातात धरू देऊ नका. मिठामुळे त्याचं तापमान शून्याखाली जातं आणि कातडीला इजा होते.

बी रुजवताना

काचेच्या बरणीच्या आत ओलसर टिश्यू कागद गुंडाळा. घेवड्याचं बी ८ ते १२ तास भिजवून काच आणि कागद यांच्यामध्ये अडकवा. तळाशी जेमतेम एक सेंटिमीटर पाणी ठेवा. बी पाण्यात बुडालं तर श्वास न मिळाल्याने कुजतं आणि वास सुटतो. उबदार हवेत तीन-चार दिवसांत मूळ दिसतं, थंडीत जास्त वेळ लागतो. मूळ दोन-तीन सेंटिमीटरचं झालं की बरणी आडवी करा. एक-दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा खाली जायला लागतं. नेहमी दोन बरण्या लावा, म्हणजे एक फसली तरी रडारड होत नाही. कच्चा घेवडा विषारी असतो, म्हणून बिया तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष हवं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी एक ढोबळ चाचणी: टॉयलेट पेपरच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्याच्या हाती एकट्याने द्यायची नाही. पाण्याचं घमेलंही खेळ संपताच रिकामं करा. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं.

मुलाचं स्वतःचं पुस्तक

हे ऋतूच्या शेवटी करायचं. कागद ए३ घ्या. ए४ची पानं एवढी लहान होतात की जाड खडूने चित्र मावत नाही. ए३चं पान सुमारे १०.५ बाय १५ सेंटिमीटरचं होतं.

कागद आडवा धरून लांबीच्या दिशेने अर्धा दुमडा आणि उघडा. मग उभ्या घड्या घालून चार समान भाग करा. उघडल्यावर आठ चौकटी दिसतील. आता आखूड कडा एकमेकींवर येतील असा कागद अर्धा दुमडा. *दुमडलेल्या* बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर पुढच्या उभ्या घडीपर्यंतच, म्हणजे १०.५ सेंटिमीटर, कापा. उघड्या बाजूकडून कापलं तर पुस्तक होतच नाही आणि जास्त कापलं तर कागदाचे दोन तुकडे होतात. पूर्ण उघडून पुन्हा लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं मध्याकडे ढकला. चिरीची फट रुंद होऊन कागद अधिक चिन्हासारखा उभा राहतो. पानं एका दिशेला वळवली की आठ पानांचं पुस्तक तयार.

पहिल्या पानावर ऋतू आणि वर्ष. बाकीच्यात पावसाच्या पट्ट्या, दाबलेलं पान, सावलीचा दोरा. दाबलेल्या पानाला डिंक कमी लावा, वरून रुंद टेप. प्रत्येक चित्राखाली मुलाने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘पाऊस रुसला आणि गेला’ असं मूल म्हणालं तर तेच लिहायचं. ‘पाऊस थांबला’ अशी दुरुस्ती केली की पुढच्या पानापासून ते आईला हवं तेच सांगू लागतं.

ऋतू सरला की हे पुस्तक जुन्या पुस्तकांसोबत कापडी पिशवीत भरून कोरड्या जागी ठेवा; प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. पिशवीवर ऋतूचं नाव चिकटवा. पुढच्या वर्षी ती उघडाल तेव्हा मूल आधी तेच पुस्तक काढेल, त्यामुळे टोपलीत त्याच्यासाठी जागा सोडून बाकीची सहाच भरा.