रास्पबेरी पायला जोडलेली हार्ड डिस्क रुसली, तर या चुका टाळा

रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका पाटीवरच्या संगणकाला जोडलेली बाह्य हार्ड डिस्क कधी दिसतच नाही, कधी दिसून मध्येच नाहीशी होते, तर कधी मोठी फाईल कॉपी होत असताना अचानक फक्त वाचण्यापुरती उरते. अशा वेळी होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे डिस्कच खराब झाली असे धरून चालणे आणि ती लगेच फॉरमॅट करणे. दोष पुष्कळदा डिस्कमध्ये नसून तिला मिळणाऱ्या विजेत असतो. वीजपुरवठा न सुधारता फॉरमॅट केले, तर आतला डेटा जातो आणि डिस्क पुन्हा तशीच वागते.

पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर विद्युतप्रवाह मिळतो, पोर्टागणिक नव्हे. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या फिरू लागताना तेवढ्या क्षणापुरती तिची गरज १ अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे एक डिस्क निभावून जाते, दुसरी लावताच दोन्ही अडखळतात. त्यानंतरच्या पाय ५ या मॉडेलला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावल्यास यूएसबीसाठी एकूण ६०० मिलिअँपिअरच मिळतात. ५ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर असेल, तर ही मर्यादा १.६ अँपिअर होते. सेटिंग बदलून ६०० मिलिअँपिअरची मर्यादा उठवता येते, पण अडॅप्टर तोच ठेवून तसे करणे धोक्याचे आहे.

दुसरी चूक मोबाईलच्या चार्जरची. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर हवा. साध्या चार्जरची केबल बारीक आणि लांब असेल, तर भार येताच विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो आणि तो ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय तशी नोंद करतो. टर्मिनलवर पायची स्थिती सांगणाऱ्या ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट_थ्रॉटल्ड’ विचारल्यास उत्तर शून्य यायला हवे. ५०००५ आले, तर दाब या क्षणी कमी आहे. ५०००० आले, तर सुरू झाल्यापासून तो केव्हातरी कमी पडला होता. यावर खरा उपाय स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब हाच आहे. मात्र पायकडे उलटी वीज सोडणारा हब घेऊ नये. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतोच.

वीज निर्दोष असूनही डिस्क निखळत असेल, तर केबल बदलून पाहावी आणि डिस्क निळ्या पोर्टातून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात लावावी. तिथे ती सुरळीत चालली, तर संशय केबलवर किंवा डिस्कच्या खोक्यातील साटा (डिस्कची स्वतःची जोडणी) आणि यूएसबी यांना जोडणाऱ्या चिपवर जातो. अशा काही चिपांचे ‘यूएएस’ या यूएसबीवरून वेगाने डेटा नेण्याच्या पद्धतीशी जमत नाही. ‘डीमेसेज’ आज्ञेने दिसणाऱ्या सिस्टीमच्या नोंदींत यूएएससोबत रिसेटच्या ओळी वारंवार दिसत असतील, तर त्या उपकरणापुरते यूएएस बंद करण्याची सूचना पाय सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ‘सीएमडीलाईन’ फाईलमध्ये लिहावी. ती फाईल एकाच ओळीची असते. सूचना नव्या ओळीवर लिहिणे ही इथली नेहमीची चूक. यूएएस बंद केल्याने वेग थोडा घटतो, पण भरवसा वाढतो, आणि साठवणुकीत मी भरवशालाच वरचे स्थान देतो.

कोणती डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे कोणत्या फोल्डरला जोडायची, हे सांगणाऱ्या ‘एफस्टॅब’ फाईलमध्ये डिस्कचे ‘एसडीए१’ असे नाव लिहू नये, कारण दुसरे उपकरण जोडले की ते बदलू शकते; यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळखक्रमांक, लिहावा आणि सोबत ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा, अन्यथा डिस्क नसताना पाय सुरू होतानाच अडकून बसतो. मात्र नोफेलमुळे एक धोका लपतो. डिस्क माउंट झाली नाही, तरी तिचे फोल्डर तिथेच असते आणि बॅकअपची आज्ञा निमूटपणे पायच्या एसडी कार्डावर लिहीत राहते. कार्ड भरते, मूळ कारण मात्र लक्षात येत नाही. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ती जागा खरोखर माउंट झाली आहे का, हे ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने आधी तपासावे.

विंडोजवरून आणलेली एनटीएफएस (विंडोजची फाईल साठवण्याची रचना) डिस्क पायवर लिहू देत नसेल, तर ती पुन्हा विंडोजला लावून, त्याचे फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज नीट शटडाउन करावे. जबरदस्तीने माउंट करू नये. एक्सफॅट या रचनेवर परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ आज्ञा चालत नाही, म्हणून मालकी आणि परवानग्या माउंट करतानाच ठरवाव्या लागतात. डिस्क पायवरच राहणार असेल, तर लिनक्सची ईएक्सटी४ ही रचना उत्तम.

माउंट असलेल्या डिस्कवर ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची आज्ञा कधीही चालवू नये. ती चालवण्याआधी ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती पाहावी. सीआरसी, म्हणजे डेटा ये-जा करताना होणाऱ्या, त्रुटींचा आकडा वाढत असेल, तर बहुधा जोडणीत दोष असतो; पण दुरुस्तीच्या प्रतीक्षेतील सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे भाग, वाढत असतील, तर डिस्क खरोखर थकली आहे आणि दुरुस्तीच्या फंदात न पडता ‘डीडीरेस्क्यू’ने तिची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.